हातातलं आणि हवाली केलेलं

आपलं दौंड जंक्शनचं गाव. रेल्वेत आपण बॅग बर्थखाली सरकवतो, साखळी लावतो. सगळं सामान नजरेसमोर. विमानात मात्र वाटणी करावी लागते. मुलगी परदेशी शिकायला निघाली, की घरात हाच प्रश्न: हँडबॅगेत काय, चेक-इनला काय?

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. चेक-इन केलेली बॅग हरवली तर जबाबदारी विमान कंपनीची, पण भरपाईला मर्यादा आहे. २१ दिवसांत बॅग आली नाही, तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. पण भरपाई म्हणजे पैसेच ना? म्हणून मूळ प्रमाणपत्रं, रोजची औषधं हातात. लोणच्याची बरणी चेक-इनला. हातातल्या द्रवाला १०० मिलिलिटरची अट असते.

आता पॉवर बँक बघा. ती हातातच न्यायची. बॅटरी पेटली तर वर लगेच दिसेल, विझवता येईल. खाली सामानात कोण पोचणार?

म्हणजे, जे पैशानं भरून निघत नाही आणि ज्यावर नजर हवी, ते आपण आपल्यापाशी ठेवायचं. बाकीचं निर्धास्त हवाली करायचं, बॅगेची चिठ्ठी तेवढी जपायची.