फतेहगडाचा बुरूज आणि भोजताल

भोपाळ हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्याचा राजकीय इतिहास समजून घ्यायचा असेल तर ‘बडा तालाब’ या मोठ्या तलावाबरोबरच त्याच्या पूर्व काठावरील टेकडीकडेही पाहावे लागते. कारण या टेकडीवर उभा राहिलेला फतेहगड किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेले पाणी ही दोन्ही मिळूनच या नगरीचे संरक्षण करीत असत. किल्ल्याचा बराचसा भाग आज नाहीसा झाला आहे; तरीही तटबंदीचे अवशेष आणि एक बुरूज शिल्लक असून, तलावाकाठच्या रस्त्याने सायकलवरून किंवा पायी तेथपर्यंत सहज जाता येते.

या फेरीचा प्रारंभ कमला पार्कपाशी करणे सोयीचे आहे. येथील मातीचा बांध माळव्याच्या परमार वंशातील राजा भोज याने अकराव्या शतकात कोलांस नदीवर घातला, असे परंपरा मानते, आणि म्हणूनच २०११ मध्ये या तलावाला ‘भोजताल’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. राजा भोजाच्याच नावाने ओळखला जाणारा भोजपूरजवळचा दुसरा विस्तीर्ण जलाशय माळव्याचा सुलतान होशंगशाह याने पंधराव्या शतकात बांध फोडून रिता केला असे सांगितले जाते. भोपाळचा बांध मात्र टिकला, आणि पुढे गोंड राणी कमलापती हिचा महाल याच बांधावर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारला गेला. लाखौरी, म्हणजे पातळ व लहान आकाराच्या, विटांचे बांधकाम आणि महिरपींच्या कमानी असलेल्या या वास्तूच्या एका बाजूस मोठा, तर दुसऱ्या बाजूस छोटा तलाव दिसतो.

बांधावरून उत्तरेकडे वळल्यावर कुदसिया बेगम हिने १८२० मध्ये बांधलेला गौहर महाल लागतो, आणि तेथून पाण्याच्या कडेने जाणारा व्हीआयपी रोड सुरू होतो. या सपाट रस्त्यावर सायकलस्वाराच्या डाव्या हातास तलाव आणि त्यातील जुन्या बुरुजावर बसविलेला राजा भोजाचा पुतळा, तर उजव्या हातास फतेहगडची टेकडी राहते. भोपाळ संस्थानाचा संस्थापक दोस्त मोहंमद खान याने १७२३ च्या सुमारास या किल्ल्याचे काम सुरू केले व पत्नी फतेह बीबी हिच्या नावावरून त्याला फतेहगड हे नाव दिले. किल्ल्याच्या आवारात आता गांधी वैद्यकीय महाविद्यालय व हमीदिया रुग्णालय असल्याने वरच्या वाटेवर रुग्णांची आणि वाहनांची वर्दळ असते, त्यामुळे शेवटचा चढ सायकल हातात धरून चढणेच इष्ट ठरते.

याच आवारातील बुरुजावर ‘ढाई सीढी की मसजिद’, म्हणजे अडीच पायऱ्यांची मशीद, आहे. पहाऱ्यावरील शिपायांना जागा न सोडता नमाज पढता यावा, यासाठी ती बांधली गेल्याचे सांगतात आणि भोपाळमधील ती पहिली मशीद मानली जाते. मोजक्याच माणसांना सामावून घेणारी ही साधी वास्तू आणि थोड्याच अंतरावरील अतिभव्य ताज-उल-मसाजिद यांकडे एकापाठोपाठ पाहिले, की लष्करी ठाण्यापासून बेगमांच्या वैभवशाली राजधानीपर्यंतचा या शहराचा प्रवास ध्यानात येतो.

मराठी वाचकाला या टेकडीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटावे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाशी गाठ पडताच निजामाने आपल्या अवजड तोफखान्यासह भोपाळच्या आश्रयाने तळ दिला. तलाव आणि तटबंदी यांमुळे त्याच्यावर थेट हल्ला करणे कठीण झाले खरे, परंतु त्याच आडोशात त्याची फौज अडकून पडली. मराठ्यांच्या घोडदळाने भोवतालच्या वाटा रोखल्यावर पाणी असूनही धान्य व वैरण मिळेनाशी झाली, आणि दक्षिणेतून येऊ पाहणारी कुमक अडविण्यासाठी चिमाजीअप्पा तापीकाठी सज्ज होते. अखेर जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळील दोराहा सराई येथे निजामाने माळवा आणि नर्मदा-चंबळ यांमधील प्रदेशावरील मराठ्यांचा हक्क मान्य केला व पन्नास लाख रुपये देववण्याचे कबूल केले. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजांनी भोपाळला दीर्घकाळ वेढा दिला, तेव्हा मात्र वजीर मोहंमद खानाच्या थोड्याशा शिबंदीने उपासमार सोसून शहर राखले. म्हणजे जे स्थान मोठ्या फिरत्या फौजेला कोंडीसारखे ठरले, तेच लहान व चिवट शिबंदीला उपयोगी पडले.

भोजतालाचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा हा एक प्रमुख स्रोत असून, दोन्ही तलाव मिळून होणारी ‘भोज पाणथळ’ २००२ पासून रामसर करारान्वये, म्हणजे पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, मान्यताप्राप्त आहे. तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट असून पावसाळ्यात ती गाठली की भदभदा धरणाचे दरवाजे उघडले जातात. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशाने शक्यतो पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत ही फेरी करावी, कारण तेव्हा तलाव भरलेला असतो आणि हवाही सुखद असते; तसेच बांधापासून आरंभ करून बुरुजाकडे जाण्याचा क्रम पाळावा, म्हणजे आधी पाणी, मग नगर आणि नंतर किल्ला या क्रमाने घडलेला भोपाळचा इतिहास त्याच ओळीने समजून घेता येतो.