वस्तू एक, क्रमांक एक

जून लागला की मिरकरवाड्याच्या मासेमारी होड्या बंदरात विसावतात. तटरक्षक दलाला ही सवड नसते. रत्नागिरीत दलाचे ठाणे आहे, विमानतळावर हवाई तळ आहे, आणि समुद्रात अडकलेल्याची हाक ऋतू पाहून येत नाही. समजा, अशाच एका पावसाळी रात्री गस्ती नौकेच्या पंपाचे बेअरिंग गेले. तळहातात मावणारी वस्तू. भांडारात विचारणा होते; संगणक सांगतो, शिल्लक शून्य. प्रत्यक्षात पलीकडच्याच फडताळात त्या बेअरिंगचे तीन नग पडून आहेत, पण दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकाने नोंदलेले. माल घरात असून नौका धक्क्याला बांधलेली राहते.

प्रसंग कल्पित आहे. तो टाळण्यासाठी साठाहून अधिक देश वापरतात ती पद्धत मात्र खरी आहे. ‘नाटो कोडिफिकेशन सिस्टिम’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे तत्त्व एका ओळीत मावते: वस्तू एक, तर क्रमांकही एकच. हे कसे साधतात, ते याच बेअरिंगच्या मागोमाग जाऊन पाहू.

आधी नाव

६२०५ मापाचे बॉल बेअरिंग बाजारात सहज मिळते. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेल्या या बेअरिंगला एसकेएफ कंपनी ‘६२०५-२आरएसएच’ म्हणते, एनएसके ‘६२०५डीडीयू’, तर एनटीएन ‘६२०५एलएलयू’. पंप उघडणाऱ्या मेकॅनिकसाठी ते नुसते ‘पंपाचे बेअरिंग’. नोंदवहीत ही चार नावे चार ओळींवर चढली, की एका वस्तूच्या चार वस्तू झाल्या.

म्हणून पहिले काम नाव ठरवण्याचे. मूळ वस्तू आधी, तिचे विशेष नंतर: ‘बेअरिंग, बॉल, कंकणाकृती’. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ‘डाळ, तूर’, ‘डाळ, मूग’, ‘डाळ, मसूर’ लिहिले तर यादीत सगळ्या डाळी एकाखाली एक येतात, तसेच हे. वस्तू कुठे वापरली यावरून नाव देत नाहीत. ‘पंपाचे बेअरिंग’ म्हटले की तेच बेअरिंग एखाद्या मोटरीतही बसते, ही गोष्ट नजरेआड होते.

मग वर्ग

नाव ठरले की वस्तूला घर मिळते. वर्ग चार अंकी असतो. पहिले दोन अंक मोठ्या गटाचे, पुढचे दोन पोटवर्गाचे. ३१ हा बेअरिंगांचा गट. त्यात ३११० म्हणजे सुटी, घर्षणरोधक बेअरिंगे. ५३०५ मध्ये स्क्रू, ५३०६ मध्ये बोल्ट, ५३१० मध्ये नट आणि वॉशर. दोरखंड ४०२० मध्ये, तर लाइफ जॅकेट ४२२० मध्ये.

मग वर्णन

सूचीकाराचे खरे कसब इथे लागते. प्रत्येक नावासाठी ठरलेली प्रश्नावली असते: आतला व्यास किती, बाहेरचा किती, सील आहे का, कशाचे, आतली ढिलाई किती. उत्तरे मोजमापात द्यायची. ‘चांगल्या प्रतीचे’, ‘मध्यम आकाराचे’ असली विशेषणे इथे कामाची नाहीत.

ढिलाईचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ६२०५ याच मापात ‘सी३’ खुणेचेही बेअरिंग मिळते. त्यात गोळ्या आणि कडी यांच्यामधली जागा नेहमीपेक्षा थोडी जास्त असते, म्हणजे तापणाऱ्या यंत्रात धातू फुगला तरी ते अडकत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तरीही त्यांना वेगवेगळे क्रमांक हवेत. एकाच वस्तूला दोन क्रमांक दिले तर पैसा वाया जातो. दोन वस्तूंना एक क्रमांक दिला तर भर समुद्रात यंत्र बंद पडू शकते. सूचीकाराला दोन्हीकडे लक्ष ठेवावे लागते.

शोध, आणि शेवटी क्रमांक

वर्णन तयार झाले की ते आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. जुळणारी वस्तू सापडली तर नवा क्रमांक द्यायचा नाही. नव्या कंपनीचा भाग क्रमांक त्याच नोंदीखाली जोडायचा. प्रत्येक उत्पादकाला स्वतःची पाच अक्षर-अंकांची ओळख असते, त्यामुळे एका क्रमांकाखाली अनेक कंपन्या बिनगोंधळ नांदतात. आपले तीन नग त्या रात्री सापडले असते ते या जोडणीमुळे.

जुळणी नसेल तरच नवा क्रमांक. त्याचे तेरा अंक असे: पहिले चार वर्गाचे, पुढचे दोन देशाचे, उरलेले सात अनुक्रमाचे. भारताचा देशांक ७२, जर्मनीचा १२, ब्रिटनचा ९९, अमेरिकेचे ०० आणि ०१. म्हणजे भारतात सूचीबद्ध झालेल्या बेअरिंगचा क्रमांक ३११०-७२ असा सुरू होईल. देशांक सांगतो की वस्तूची नोंद कुणी केली. हातातला नग कुठल्या कारखान्यातून आला, ते त्यावरून कळत नाही.

शेवटच्या सात अंकांना काहीही अर्थ नसतो, आणि हे मुद्दाम केलेले आहे. क्रमांकातच व्यास किंवा पुरवठादार गुंफला, तर पुरवठादार बदलताच क्रमांक खोटा ठरतो. अर्थ नोंदीत ठेवायचा, क्रमांकाने फक्त त्या नोंदीपर्यंत पोचवायचे. उद्या वर्ग बदलला तरी शेवटचे नऊ अंक त्या वस्तूला कायमचे चिकटलेले राहतात.

सोबत मोजणीचे एककही ठरते. दोरखंड एका भांडारात मीटरने आणि दुसऱ्यात गुंडाळीने मोजला, तर ‘शिल्लक ५०’ या नोंदीवरून काहीच कळत नाही.

जुनीच गरज

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात हा घोळ पुरेपूर भोगला: एकाच सुट्या भागाला प्रत्येक सेनादलाचे वेगळे नाव, एकीकडे ढीग आणि दुसरीकडे टंचाई. १९५२ मध्ये तिथे सूचीकरणाचा कायदाच झाला. पण नाव आणि वर्ग यांचे मोल आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी जाणले होते. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे. गडावरचा साठा त्याच्या जिम्मेत असे. महाराजांनी करवून घेतलेल्या राजव्यवहारकोशात कारभारातले शब्द दहा वर्गांत लावलेले आहेत. शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, पण्यवर्ग ही त्यांतली काही नावे. तो भांडाराचा सूचीग्रंथ नव्हे, शब्दकोश आहे. तरी राज्य चालवायचे तर वस्तूंची नावे पक्की हवीत, ही समज त्यात स्पष्ट दिसते.

आज आपल्याकडे सूचीकरणाचे काम संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाखालचे मानकीकरण संचालनालय करते. नाटोच्या या पद्धतीत भारताला ‘टियर २’ दर्जा आहे. म्हणजे आपल्या नोंदी इतर सदस्य देशांना देता येतात आणि त्यांच्या घेता येतात. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याने संरक्षण दलांसाठी भाग बनवला, त्याची नोंद झाली, की दूरच्या देशातला भांडारपालही त्या कारखान्यापर्यंत पोचू शकतो.

याची गरज सैन्यापुरती नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा एनडीआरएफ, नौदल आणि तटरक्षक दल यांची पथके बचावाला उतरली. अशा वेळी कुणाकडे किती रबरी होड्या आहेत, कोणते इंजिन कोणत्या होडीला बसते, हे सगळ्यांना एकाच भाषेत कळायला हवे. बचावसामग्रीची जिल्हावार यादी ठेवणारे ‘इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क’ २००३ मध्ये सुरू झाले ते याचसाठी.

शाळेतली, ग्रामपंचायतीतली, आरोग्य केंद्रातली जडसंग्रह नोंदवही याच कुळातली. ती ज्यांच्या हाती आहे त्यांनी एकच फडताळ निवडून सुरुवात करावी. वस्तू उचला, मोजा, तिचे एक नाव ठरवा, तीच वस्तू आधी दुसऱ्या नावाने नोंदलेली नाही ना हे पाहा, आणि मगच क्रमांक टाका. काम संथ आहे आणि कुणाच्या नजरेत भरणारे नाही. पण पावसाळी रात्री कुणीतरी घाईने ते फडताळ उघडेल, तेव्हा हवी ती वस्तू पहिल्याच प्रयत्नात त्याच्या हाताला लागेल.