साठ पानांचा डाव

आमच्या लहानपणी पत्ते माळ्यावर असत. दिवाळीचे चार दिवस आणि मे महिन्याची सुटी सोडली, तर जोड खाली उतरवायचा नाही, असा वडिलांचा दंडक. पत्ते कुटणारी पोरं पुढे जुगारी निघतात, हा त्यांचा सिद्धान्त. तरीही मेंढीकोट, बदाम सात, तीन-दोन-पाच आणि नोकरीच्या काळातली लोकलमधली रमी एवढी शिदोरी माझ्यापाशी जमली होती. त्या जोरावर न्यू जर्सीला मुलीकडे गेलो असताना नऊ वर्षांच्या नातवाला म्हटलं, ‘‘तुझं ते पोकेमॉन का काय ते, शिकव बरं मला.’’

अर्ध्या तासात घाम फुटला.

आपल्या खेळांत बावन्न पानं सगळ्यांची मिळून असतात. इथे प्रत्येकाने स्वतःचा साठ पानांचा जोड घरून बांधून आणायचा. एका नावाची फार तर चार पानं, ‘एनर्जी’ची साधी पानं मात्र हवी तेवढी. म्हणजे निम्मा डाव बैठक मारण्याआधीच झालेला! ही कल्पना रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाची. त्याचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली आला. बंद पाकिटं विकत घ्यायची, निघेल ते आपलं, नको असेल त्याची अदलाबदल करायची. जपानमध्ये पोकेमॉनची पानं १९९६ साली निघाली आणि १९९९ साली ती इंग्रजीत आली. वडिलांनी ती पाकिटं पाहिली असती तर सरळ लॉटरी म्हटलं असतं, आणि ते फारसे चुकले नसते.

सुरुवातीला हातात सात पानं, बाजूला सहा ‘प्राइझ’ पालथी. समोर एक लढणारा, मागे बाकावर फार तर पाच राखीव. एका पाळीत एकच एनर्जी जोडायची. समोरच्याचा गडी गारद झाला की आपलं प्राइझ उचलायचं. सहाही उचलली की जिंकलात. पण प्रत्येक पानावर स्वतःचा वेगळा नियम छापलेला, तोही मुंगीच्या अक्षरांत. मी भिंग घेऊन बसायचो. हिने मात्र चार दिवसांत खेळ आत्मसात केला, कारण तिने एकाही नियमाला ‘असं का?’ म्हणून विचारलं नाही.

माझं घोडं अडलं ते एका पानापाशी. त्या पानावर एक प्रोफेसर आहे. ते खेळलं, की हातातली उरलेली सगळी पानं टाकून द्यायची आणि गड्डीतून नवी सात उचलायची. सगळी! चांगलीसुद्धा! आमची पिढी पुड्याचा दोरा सोडवून गुंडाळून ठेवणारी. हातातलं चारिझार्ड कचऱ्यात टाकायला माझा हात उठेना. पुढे लागेल, राहू दे, असं म्हणत मी प्रोफेसरलाही दाबून ठेवायचो आणि भरल्या हाताने हरायचो. अकरा डाव हरलो. शेवटी पोराने निदान केलं, ‘‘आबा, तू सगळं सेव्ह करून ठेवतोस, म्हणून हरतोस.’’ मुलगी स्वयंपाकघरातून मोठ्याने हसली. तिचे लहानपणीचे बूट मी आणखी एक वर्ष चालतील म्हणून मोठे घ्यायचो, ते तिला आठवलं असावं.

बाराव्या डावाला मी डोळे मिटून सहा पानं टाकली. नव्या सातांत हवी ती एनर्जी निघाली. दोघांचंही एकेक प्राइझ उरलं होतं. माझा एक जखमी गडी बाकावर जीव मुठीत धरून बसला होता. नातवाने हातातली पानं बराच वेळ पाहिली आणि ‘‘पास’’ म्हणाला. पुढच्या पाळीत मी जिंकलो. टाळ्या झाल्या, हिने साखर वाटली.

पानं गोळा करताना त्याच्या हातातलं एक पान मला दिसलं. ‘बॉसेस ऑर्डर्स’. समोरच्याच्या बाकावरचा हवा तो गडी पुढे खेचून आणणारं. माझा तो जखमी ओढून त्याने एका घावात डाव संपवला असता.

तो चार वर्षांचा असताना पुण्याला आला होता, तेव्हा आम्ही बदाम सात खेळायचो. लावण्याजोगं पान हातात असून मी ‘पास’ म्हणायचो. त्याला कळत नाही, असं मी समजत होतो.

मी भिंग पुसलं. म्हटलं, ‘‘पीस पुन्हा. आणि आता हातात पान असताना पास म्हणायचं नाही.’’

त्याने मान वर केली. ‘‘ओके. तू पण नाही.’’