पासवर्ड बरोबर, तरी डेस्कटॉप येत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

लॅबमधल्या सामायिक लिनक्स मशीनवर हा प्रकार हमखास होतो. कुणीतरी हलका डेस्कटॉप हवा म्हणून एक्सएफसीई टाकतं, पण लॉगिन स्क्रीनवर तो दिसतच नाही. किंवा दिसतो, पण निवडला की क्षणभर काळी स्क्रीन आणि पुन्हा पासवर्डची चौकट! मग सल्ला येतो, "फॉरमॅट मार." थांबा. अशा वेळी थीसिसचा डेटा बहुतेकदा जागच्या जागी असतो, आणि तो फॉरमॅटनेच जाऊ शकतो.

आधी रचना समजून घेऊ. लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो, त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात: जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम वगैरे. कोणते डेस्कटॉप उपलब्ध आहेत हे तो 'यूएसआर/शेअर'मधल्या 'एक्ससेशन्स' आणि 'वेलँड-सेशन्स' या दोन फोल्डरांतून वाचतो. तिथली एक फाइल म्हणजे यादीतलं एक नाव. म्हणून बिघाड शोधताना तीनच प्रश्न विचारायचे.

१. नाव यादीत आहे का?
जीडीएममध्ये दातेरी चाकाचं चिन्ह युजरनेमवर क्लिक केल्यानंतरच दिसतं, आणि सेशन एकच असेल तर दिसतच नाही. नाव नसेल तर वरच्या फोल्डरांत फाइल आहे का ते बघा. नसेल तर पॅकेज अर्धवट बसलंय. एक अपवाद: उबुंटू २५.१० पासून नोमचं जुनं झॉर्ग सेशन काढून टाकलंय. तिथे ते शोधत बसू नका, तो बिघाड नाही.

२. निवड लक्षात राहते का?
जीडीएम वापरत असाल तर शेवटची निवड प्रत्येक युजरसाठी वेगळी साठवली जाते. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने एक्सएफसीई निवडलं म्हणून तुमचं बदलत नाही. तुम्हाला ते एकदा स्वतः निवडावं लागतं.

३. सुरू होऊन लगेच पडतं का?
कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर युजरनेम-पासवर्ड टाका. इथे लॉगिन झालं, तर तुमचं खातं ठीक आहे. आता 'डीएफ' कमांडने जागा बघा. होम फोल्डर असलेली डिस्क १०० टक्के भरली असेल, तर सेशनला स्वतःच्या छोट्या फाइलीही लिहिता येत नाहीत आणि ते तुम्हाला बाहेर फेकतं. सिम्युलेशनच्या आउटपुटने डिस्क भरणं आपल्याकडे काही नवीन नाही!

जागा असेल तर होम फोल्डरमधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाइल कुणाच्या मालकीची आहे ते तपासा. कधी 'सुडो' लावून ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला असेल तर मालकी रूटकडे गेलेली असू शकते. 'चोन' कमांडने ती परत स्वतःकडे घ्या.

तरीही अडलं, तर एक नवा युजर बनवून त्याच सेशनमध्ये लॉगिन करून बघा. तो आत गेला, तर दोष तुमच्या सेटिंगच्या फाइलींत आहे. तोही अडकला, तर डेस्कटॉपच्या पॅकेजमध्ये किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये शोधा.

आणि काहीही बदलण्याआधी, त्याच काळ्या पडद्यावरून महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. त्यासाठी डेस्कटॉप लागत नाही.