मांजरीचीं नवजात पिलें आणि बोका

शेतकऱ्याच्या दावणीच्या जनावरांची मोजदाद होते, मांजराची कोणी करीत नाहीं. वास्तविक पाहतां कणगी, बळद व माळा यांवरील धान्याची रात्रीची राखण विनावेतन करणारा हा प्राणी आहे. मोठी घूस त्यास आटोपत नाहीं हें खरें. परंतु उंदीर व त्यांचीं पिलें यांचा तो चांगलाच बंदोबस्त ठेवतो. असें असतां पुष्कळ घरीं मांजरी वर्षांतून दोनदां व्याली तरी एकहि पिलूं उरत नाहीं. कारण विचारल्यास “बोक्यानें खाल्लीं” एवढेंच उत्तर मिळतें, व गोष्ट दैवावर घालून सोडून दिली जाते. आमच्या मतें यांत दैवाचा भाग थोडा व व्यवस्थेचा फार आहे. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बोका पिलांस कां मारतो?

बोका भुकेनें पिलें खातो अशी सामान्य समजूत आहे. परंतु पुष्कळ वेळां मारलेलें पिलूं न खातां तसेंच टाकलेलें आढळतें. यावरून भूक हें मुख्य कारण नसावें हें उघड आहे. प्राणिशास्त्रज्ञ याची उपपत्ति अशी लावतात: पिलें अंगावर पीत आहेत तोंवर मांजरी बहुधा माजावर येत नाहीं, पिलें नाहींशीं झालीं म्हणजे ती लवकरच पुन्हां माजावर येते. दुसऱ्याचीं पिलें मारणाऱ्या बोक्यास अशा रीतीनें स्वतःची संतति होण्याची वेळ अलीकडे आणतां येते. हा हिशेब तो मनांत करतो असें अर्थातच नाहीं. तो त्याच्या जातीचा स्वभाव आहे. सिंहांत हाच प्रकार दिसतो. वानरांतहि तो आहे. धारवाडच्या आसपासच्या रानांतील वानरांच्या टोळ्यांचें निरीक्षण करून युकिमारु सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत नव्या नरानें टोळी ताब्यांत घेतल्यावर लहान पिलें मारलीं गेल्याचें वर्णन आहे.

यावरून शेतकऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, परका बोका घरच्या बोक्याहून अधिक धोक्याचा असतो. मांजरीबरोबर सलोख्यानें राहणारे घरचे बोके कित्येकदां पिलांकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. तथापि “हा त्यांचा बापच आहे” एवढ्या भरंवशावर त्यास मोकळा ठेवूं नये. एकाच वेतांतील पिलें निरनिराळ्या बोक्यांचीं असूं शकतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, बोका पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून देण्याची जी चाल आहे ती उलट फळ देते. एक बोका गेला कीं त्याची हद्द मोकळी होते व तेथें दुसरा, म्हणजे अगदींच परका, बोका येऊन बसतो. पिलांस भय आहे तें नेमकें त्याचेंच. शिवाय जनावरास उपाशीं मरावें अशा स्थितींत सोडून देणें अथवा विष घालून मारणें हा १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे.

“सात घरें” फिरविण्याचें मर्म

मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते असें आपण म्हणतों. तिचें हें करणें व्यर्थ नसतें. जागा ओली झाली, वास सुटला, पिसवा झाल्या, बोक्याची चाहूल लागली किंवा माणसांची वर्दळ वाढली, कीं ती पिलूं मानेस धरून दुसरीकडे नेते. यांत धोका असा कीं, एक पिलूं नेईपर्यंत बाकीचीं उघडीं पडतात, व नवी जागा बहुधा पहिलीपेक्षां कमी सुरक्षित असते. म्हणजे मुलांनीं घटकेघटकेस टोपलींत डोकावणें व पिलें हाताळणें हेंसुद्धां शेवटीं बोक्याच्याच पथ्यावर पडतें. मांजरीस जागा बदलण्याचें कारणच पडूं न देणें हा रक्षणाचा पहिला उपाय होय.

जागेची योजना

मांजरीचा गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा असतो. पोट स्पष्ट दिसूं लागलें म्हणजे विण्यापूर्वीं आठपंधरा दिवस जागा नेमून द्यावी, म्हणजे ती तिच्या अंगवळणीं पडते. दार घट्ट लागणारी एखादी लहान खोली सर्वांत उत्तम. खिडकीस जाळी असावी, व कौलें सरकलेलीं असल्यास तीं बसवून घ्यावीं. बोका दारापेक्षां छपरांतूनच अधिक येतो. मांजरी जाईल एवढें भोंक ठेवलें म्हणजे पुरे, असें कित्येक समजतात; परंतु मांजरी जाते त्या भोकांतून बोकाहि बहुधा जातो, म्हणून भोंकावर विसंबूं नये. मांजरीस आंतबाहेर करणें तें माणसाच्या हातून, ठराविक वेळीं व्हावें. रात्रीं दार बंदच ठेवावें.

खोलींत आडवें खोकें अथवा खोलगट टोपली ठेवून तींत जुन्या लुगड्याच्या घड्या घालाव्या. उसवलेलें गोणपाट घालूं नये, त्याच्या दोऱ्यांत पिलांचे पाय गुंततात. जवळच पाणी व अन्न, आणि दूरच्या कोपऱ्यांत वाळूचें घमेलें ठेवावें. दूध पाजणाऱ्या मांजरीस नेहमींच्या दुप्पट, प्रसंगीं त्याहूनहि अधिक खाणें लागतें. तें जागेवर मिळालें म्हणजे शिकारीसाठीं ती पिलांस सोडून फारशी दूर जात नाहीं. या दिवसांत घरांत अगर गोठ्यांत उंदरांचें विष मुळींच मांडूं नये. विष खाल्लेला उंदीर आईच्या पोटांत गेला तर सगळें वेतच जाण्याचा संभव असतो.

वैरणीच्या गंजीवर किंवा धान्याच्या राशीवर मांजरीस विऊं देऊं नये, याचें आणखी एक कारण आहे. मांजराच्या विष्ठेंतून पसरणाऱ्या एका सूक्ष्म जंतूमुळें मेंढ्या व शेळ्या गाभडतात, व तोच जंतु गरोदर स्त्रीच्या गर्भासहि अपाय करतो. वाळूचें घमेलें रोज साफ करावें. गरोदर स्त्रियांनीं तें काम करूं नये.

पहिले आठ आठवडे

नवजात पिलाचें वजन सुमारें १०० ग्रॅम असतें. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात, व तिसऱ्या आठवड्यांत पिलें धडपडत चालूं लागतात. हा तिसरा आठवडा पुन्हां धोक्याचा, कारण पिलें टोपलीबाहेर पडतात व त्यांच्या ओरडण्यानें बोका आकर्षिला जातो. रोज एकदां, आई जेवत असतांना, पिलें लहान तराजूंत तोलावीं. दिवसास १० ग्रॅमच्या आसपास वाढ असावी. दोन दिवस वाढ न झाल्यास पशुवैद्यास दाखवावें. मेलेलें पिलूं दिसलें कीं बोक्यावरच आळ घेऊं नये. थंडी, रोग, कुत्रीं हींहि कारणें असतात, व मेलेलें पिलूं आईहि कधीं कधीं खाऊन टाकते.

आई मेली अथवा पिलूं जखमी झालें तर प्रथम त्यास ऊब द्यावी. गार पडलेल्या पिलास दूध पाजूं नये. गाईचें दूध त्यास पुरेसें पोषक नसून त्यानें हगवण लागते; मांजराच्या पिलांसाठीं तयार केलेली दुधाची भुकटी पशुवैद्याच्या सल्ल्यानें वापरावी. पाजतांना पिलूं पोटावर असावें, उताणें नव्हे. पहिल्या आठवड्यांत दोनतीन तासांनीं पाजावें लागतें, व पाजल्यावर ओल्या कोमट कापसानें बूड पुसावें, त्याशिवाय त्यास मलमूत्र होत नाहीं.

बोक्याची व्यवस्था

बोक्यास खोलीपासून दूर, घराच्या दुसऱ्या अंगास, वेळेवर खाऊं घालावें. त्यानें उंबऱ्याशीं मूत्र फवारलें असल्यास ती जागा साबणाच्या पाण्यानें धुवावी. झटापट झालीच तर मध्यें हात घालूं नये. पाणी फेकावें किंवा जाड गोधडी टाकावी. चावा अगर ओरखडा लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुऊन पिसाळरोगाच्या लशीसाठीं तत्काळ दवाखाना गांठावा. आठ आठवडे झाल्यावर पिलें प्रथम जाळीआडून बोक्यास दाखवावीं, व पुढें कांहीं दिवस माणसाच्या देखतच एकत्र सोडावीं.

कायमचा उपाय म्हणजे बोक्याचें खच्चीकरण. तें पशुवैद्याकडूनच, भूल देऊन करवावें. घरगुती चिरफाड ही क्रूरता होय. त्यानंतरहि कांहीं आठवडे त्यास मांजरीपासून दूर ठेवावें, कारण त्याची जननशक्ति लगेच जात नाहीं. खच्ची केलेला बोका भांडणें व भटकणें कमी करतो, आणि आपल्या जागीं राहून परक्यास बव्हंशीं दूर ठेवतो. मांजरीचीहि शस्त्रक्रिया पिलें तुटल्यावर करवून घ्यावी. दूध पाजत असतांनाहि ती कधीं कधीं गाभण राहते.

सारांश, बंद दार, भरपूर अन्न, शांत जागा व खच्ची केलेला बोका या चार गोष्टी सांभाळल्या तर वेतांतील बहुतेक पिलें हातीं लागतील. त्यांपैकीं घरास लागतील तेवढीं ठेवून उरलेलीं, दूध तुटल्यावर, गरजू शेजाऱ्यांच्या कोठारास द्यावीं. दर वर्षीं चार पिलें मरूं देण्यापेक्षां दोन नीट वाढविणें हें दयेच्या दृष्टीनें व धान्याच्या हिशेबानेंहि शहाणपणाचें आहे.