विधी शिक्षणाची पहिली पायरी : बेंगळुरू की म्हैसूर?

बारावीचा, म्हणजेच कर्नाटकात ज्यास द्वितीय पीयूसी म्हणतात त्या परीक्षेचा निकाल जाहीर झाला, की बँकेतील शैक्षणिक कर्ज विभागासमोर पालकांची वर्दळ सुरू होते. अभियांत्रिकी वा वैद्यकीय अभ्यासक्रमाची निवड केलेल्या कुटुंबांचे प्रश्न बहुधा ठराविक असतात, कारण प्रवेश कोठे मिळणार हे प्रवेश परीक्षेतील क्रमांकानेच ठरवून दिलेले असते. ज्या मुलामुलींना वकील व्हावयाचे आहे, त्यांचे पालक मात्र अधिक संभ्रमात असतात. आधी पदवी घ्यावी की थेट विधी महाविद्यालय गाठावे आणि पदवी घ्यावयाची तर ती कोणत्या विद्यापीठाची, या प्रश्नांची उत्तरे त्यांना सहजासहजी मिळत नाहीत.

२०२४ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी असाच प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसले. कुटुंब मूळचे बेळगावकडील; नोकरीच्या निमित्ताने बेंगळुरूत येऊन येलहंका भागात स्थिरावलेले. कन्येने राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘क्लॅट’, दिली होती. परंतु अपेक्षित क्रमांक मिळाला नव्हता. आता प्रथम बी.ए. करून नंतर एलएल.बी.ला जाण्याचा तिचा विचार होता. तिचा ओढा म्हैसूर विद्यापीठाकडे, तर वडिलांचा आग्रह घरी राहून बेंगळुरू सिटी विद्यापीठाच्या महाविद्यालयात जाण्याचा. सहकाऱ्यांचा प्रश्न अगदी नेमका होता : ‘‘साहेब, म्हैसूरच्या पदवीला वकिलीत काही जास्त वजन असते का? असेल तर कर्ज काढतो. नसेल तर घरचे जेवण काय वाईट आहे?’’

हा प्रश्न अनेक ग्राहकांच्या व सहकाऱ्यांच्या घरी उद्भवतो, म्हणून त्याचा क्रमाने विचार करू.

नियम काय सांगतो?

आपल्याकडे विधी शिक्षणाचे दोन मार्ग आहेत. पहिला, बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. त्यास खरी प्रतिष्ठा मिळाली ती बेंगळुरूतील नॅशनल लॉ स्कूलमुळे. १९८६ च्या कर्नाटक अधिनियमान्वये स्थापन झालेल्या या संस्थेत १९८८ साली प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली अध्यापन सुरू झाले. दुसरा मार्ग जुना : कोणत्याही शाखेची पदवी आणि त्यानंतर तीन वर्षांची एलएल.बी.

दुसऱ्या मार्गासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियम पाहावे लागतात. त्यांत ‘वकिलीपूर्व’ अशी कोणतीही खास पदवी सांगितलेली नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी आणि तीत सर्वसाधारण गटासाठी किमान ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण हवेत. बी.ए., बी.कॉम. वा बी.एस्सी. असा भेद नाही. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी मात्र चालत नाही, तसेच एलएल.बी. पत्रद्वारे करता येत नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

पुढील दरवाजांवरही पदवीच्या विद्यापीठाचे नाव विचारले जात नाही. २०२२ पासून नॅशनल लॉ स्कूलमध्येही पदवीधरांसाठी तीन वर्षांची एलएल.बी. सुरू झाली असून तिचा प्रवेश स्वतंत्र परीक्षेने होतो. महाराष्ट्रात परतावयाचे असल्यास तेथील विधी सीईटी आहे. तेथे परराज्यातील उमेदवारांची गणना वेगळ्या गटात होते. हुबळी येथे मुख्यालय असलेल्या, २००९ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये बेंगळुरूत व राज्यभर आहेत. थोडक्यात, बेंगळुरूची पदवी असो वा म्हैसूरची, वकिलीच्या दारात दोहोंचे वजन सारखेच. सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच होते. परंतु तेवढ्याने निर्णय होत नाही.

दोन विद्यापीठे, एकच मूळ

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ साली महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत झाली. ब्रिटिश प्रदेशाबाहेरील हे भारतातील पहिले विद्यापीठ. म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बेंगळुरूचे सेंट्रल कॉलेज ही त्याची दोन आरंभीची महाविद्यालये. १९६४ साली बंगलोर विद्यापीठ अस्तित्वात आले, तेव्हा सेंट्रल कॉलेज तिकडे गेले. २०१७ साली बंगलोर विद्यापीठाचेही विभाजन झाले आणि सेंट्रल कॉलेजचा तो जुना परिसर आज बेंगळुरू सिटी विद्यापीठाचे केंद्र आहे. म्हणजे ज्या दोन विद्यापीठांत आपण निवड करीत आहोत, ती एकाच वृक्षाच्या दोन शाखा आहेत.

म्हैसूरला परंपरेचा वारसा मोठा आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकविले. तेथील प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित आले आणि १९०९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. राज्यशास्त्र व कायदा शिकू पाहणाऱ्यास या गोष्टींचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पदवी महाविद्यालयात शिकवितो तो आजचा प्राध्यापक, शंभर वर्षांपूर्वीचा नव्हे. म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष महाविद्यालय पाहावे : इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र हे विषय एकत्र घेता येतात का, इंग्रजी लेखनाचा सराव करून घेतला जातो का, ग्रंथालय सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते.

बेंगळुरूच्या बाजूनेही बरेच सांगण्यासारखे आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथे आहे. शिस्त पाळून न्यायालयातील सुनावणी पाहता येते आणि जवळच कब्बन पार्कमध्ये राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मात्र या सोयींचा लाभ घेण्यासाठी दिवसाचे काही तास हाती उरावे लागतात.

पैशाचा आणि वेळेचा ताळेबंद

आता बँकेच्या भाषेत बोलू. दोन्हीकडील महाविद्यालयाचे शुल्क जवळपास सारखे धरले, तर फरक वसतिगृहाचा. सहकाऱ्यांनी तो दरमहा ८,००० रुपये धरला. वर्षाचे दहा महिने, म्हणजे ८०,००० रुपये. तीन वर्षांचे २,४०,००० रुपये. ही रक्कम दरवर्षाच्या आरंभी कर्जाऊ घेतली आणि व्याजाचा दर हिशेबासाठी १० टक्के मानला, तर शिक्षणाची तीन वर्षे व सवलतीचे एक वर्ष मिळून पहिल्या हप्त्यावर ३२,०००, दुसऱ्यावर २४,००० व तिसऱ्यावर १६,००० असे ७२,००० रुपये सरळ व्याज होते. परतफेड सुरू होताना देणे ३,१२,००० रुपयांचे होईल.

यात आणखी एक मुद्दा आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असले म्हणजे पुरते. एकूण कर्ज याच मर्यादेत ठेवावयाचे, तर एलएल.बी.साठी १,६०,००० रुपयेच उरतात. जो बी.ए.वर सारे खर्च करतो, त्याला खऱ्या विधी शिक्षणाच्या वेळी हात आखडता घ्यावा लागतो.

दुसरा ताळेबंद वेळेचा. येलहंक्याहून शहराच्या मध्यभागी बसने जाण्यायेण्यास मुलीने स्वतः घड्याळ लावून पाहिले होते. दररोज तीन तास. वर्षाचे २०० दिवस धरले तरी ६०० तास, तीन वर्षांत १,८०० तास. ३,१२,००० रुपयांस १,८०० ने भागले, की तासाला सुमारे १७३ रुपये पडतात. हा आकडा पाहून सहकारी काही वेळ स्तब्ध राहिले. घरी राहून पैसे वाचतात हे खरे. पण ते मुलीच्या वाचनाच्या तासांतून वाचतात, हे त्यांच्या प्रथमच ध्यानात आले.

भाषेचा विचार

मराठी कुटुंबांसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. परंतु कर्नाटकातील तालुका व जिल्हा न्यायालयांत कन्नडवाचून निभाव लागत नाही. महाराष्ट्रात तेच स्थान मराठीचे आहे. वकिली कोठे करावयाची याचा अंदाज घेऊन पदवीला भाषा विषय निवडावा. ही मुलगी कन्नड उत्तम बोलत असे. लिहिण्याचा सराव मात्र कमी होता. तिने कन्नड घेण्याचे ठरविले. घरची मराठी कोठे जात नाही.

निर्णय

त्याच वर्षी कर्नाटकाने चार वर्षांच्या पदवीचा प्रयोग बाजूस सारून पुन्हा तीन वर्षांची पदवी सुरू केली, त्यामुळे एकूण काळ सहा वर्षांचाच राहणार होता. मग प्रश्न असा उरला, की वसतिगृहाचा खर्च एकदाच झेपत असेल, तर तो कोणत्या तीन वर्षांत करावा? उत्तर मुलीनेच शोधले. ‘‘बाबा, आत्ता मला वाचायला वेळ हवा, एलएल.बी.ला कोर्ट जवळ हवे. तेव्हा मी घरीच राहीन.’’ बी.ए.साठी म्हैसूर आणि विधी शिक्षणासाठी बेंगळुरू, असा क्रम ठरला. व्याज साचू न देता दरमहा भरण्याची जबाबदारी वडिलांनी घेतली : पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ६६७ रुपये, दुसऱ्या वर्षी १,३३३ आणि तिसऱ्या वर्षापासून २,०००. अशा रीतीने व्याज भरल्यास परतफेडीच्या वेळी मुद्दल वाढलेले नसते आणि बँक व्याजदरात एक टक्क्याची सवलतही देऊ शकते.

हेच उत्तर सर्वांना लागू पडेल असे नाही. ज्यांचे घर महाविद्यालयापासून पंधरा मिनिटांवर आहे, त्यांनी याच हिशेबाने बेंगळुरूच निवडावे आणि कर्जाची मर्यादा एलएल.बी.साठी राखून ठेवावी.

वाचकहो, कर्जाच्या अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी महाविद्यालय प्रत्यक्ष पाहावे, वसतिगृहातील जागा लेखी निश्चित करून घ्यावी, जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत मिळणारी वजावट समजून घ्यावी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आपली संस्था आहे का, हे शाखेत विचारावे. वकिलीची सनद घेताना पदवीच्या विद्यापीठाला महत्त्व नसते. त्या तीन वर्षांत विद्यार्थी काय वाचतो आणि कसे लिहावयास शिकतो, याचा उपयोग मात्र त्याला जन्मभर होतो. पैसा खर्च करावयाचा तो त्यासाठी.