दुधाला दर नाही? घरीच करा कुरकुरीत पनीर, सोबत गुळांबा

म्हसवड : माण तालुक्यात पावसाचा भरवसा नाही, म्हणून अनेक घरं दुधावर चालतात. दर पडला की दूध घालायचं तरी कशाला, असं होतं. अशा वेळी थोडं दूध घरीच वापरून बघता येईल.

१ लिटर म्हशीचं दूध उकळून गॅस बंद करावा. एका लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालावा. हिरवट पाणी सुटलं की थांबावं. फडक्यात गाळून, गार पाण्यानं धुऊन तासभर वजनाखाली ठेवावं. साधारण २०० ग्रॅम पनीर मिळतं. उरलेल्या पाण्यात चपातीची कणीक मळावी.

बोटभर जाड तुकडे फडक्यानं कोरडे करावेत. ओले राहिले तर तेल उडतं. कॉर्नफ्लॉवर, मीठ, तिखटाच्या दाटसर पिठात बुडवून टोस्टच्या चुऱ्यात घोळवावेत. मध्यम तापल्या तेलात २-३ मिनिटं तळावेत. बाजारातलं चीज तेलात वितळून बाहेर येतं. लिंबानं फाडलेलं पनीर वितळत नाही.

गुळांब्यासाठी १ वाटी कैरीचा कीस वाफवून १ वाटी गूळ घालावा, घट्ट होईपर्यंत शिजवून वेलची टाकावी. कोरड्या बरणीत भरला तर महिनोन्‌महिने टिकतो.

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेत स्टॉल टाकायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआय नोंदणी करावी. दूध, तेल, गॅस आणि स्वतःची मजुरी धरूनच प्लेटचा दर ठरवावा. मजुरी सोडली तर नफा नुसता कागदावरच राहतो.